खालची बाजू

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून ती ‘निश्चिंत’ नावाच्या गादीवर पाच मिनिटं आडवी झाली, आणि उठली तेव्हा ‘निश्चिंत’वर डाग पडलेला होता. तळहाताएवढा. मधे गडद, कडेला फिकट, आणि ती कड अजून सावकाश बाहेर सरकत होती. पाहुण्यांच्या पोराने आपल्या सतरंजीवर काहीतरी करून ठेवावं आणि त्याच्या आईबापांचं अजून लक्ष जायचं असावं, तसं ती त्याच्याकडे थोडा वेळ बघत राहिली. लाज वगैरे नंतर आली. आधी आलं ते धंद्याचं: आता ही परत घेता येणार नाही. जन्म गाद्या विकण्यात गेला की माणसाला आधी गादी दिसते, मग तिच्यावरचं माणूस, आणि ते माणूस आपणच आहोत हे सगळ्यात शेवटी.

समोरच्या भिंतीवर, खोट्या खिडकीच्या खऱ्या पडद्याशेजारी, पाटी होती. ‘डाग पडलेली गादी कोणत्याही कारणास्तव परत घेतली जाणार नाही.’ ही पाटी म्हणजे दुकानाचा कणा, असं मालक म्हणत. ती नोकरीला नवीन लागली तेव्हा त्यांनी तिला शेजारी बसवून सांगितलं होतं, “कुणी गादी परत घेऊन आलं, दबली म्हणालं, कुरकुरते म्हणालं, तर वाद घालायचा नाही. हसायचं. पाणी द्यायचं. आणि गादी उलटवायची. डाग सापडतोच. ज्या गादीवर माणूस झोपलंय तिच्यावर डाग नाही, असं मी उभ्या आयुष्यात पाहिलेलं नाही.” आणि खरंच, सापडायचाच. चहाचा, औषधाचा, पोराचा, म्हाताऱ्याचा. सगळ्यात जास्त वेळा हाच, पाळीचा. हा सापडला की तक्रार करणारी बाई अर्ध्या वाक्यात थांबायची, बरोबरचा पुरुष खिशातला फोन काढून बघायचा, आणि ती, गादी विकणारी, आवाज उतरवून म्हणायची, “असू दे, होतं असं.” या चार शब्दांनी किती गाद्या मुकाट्याने घरी परत गेल्या याला गणती नाही. मालक म्हणत, तुमच्या हाताला यश आहे.

वर्षभर तिच्या अंगावरून जात होतं. ‘अंगावरून जाणं’ हा शब्द ज्याने कुणी काढला तो पुरुष असावा, असं तिला वाटे. अंगावरून वारा जातो, पाणी जातं, लोकांची बोलणी जातात. हे आतून जात होतं, आणि जाताना काहीतरी बरोबर घेऊन जात होतं. पाळी जायचं वय झालं म्हणून ती बिचारी वाट बघत होती, तर पाळी घर सोडून जाणाऱ्या खडूस भाडेकरूसारखी वागत होती: आज जाते, उद्या जाते, आणि जाताना नळ काढून नेते, पाइप उघडेच ठेवून. कधी महिना दीड महिना पत्ता नाही, कधी आठवड्यात परत दारात. गाठी पडायच्या. जिना चढताना डोळ्यांसमोर काजवे चमकायचे, आणि वर पोचल्यावर आपण कशाला चढलो ते आठवायचं नाही. दुकानाचा गणवेश फिकट निळा. मालकांना पाठदुखीचं काहीतरी सांगून तिने काळ्या पँटची परवानगी घेतली होती. पाठदुखीचा आणि काळ्या रंगाचा संबंध काय, हे विचारायचं मालकांना सुचलं नाही. बायकांच्या दुखण्यांबद्दल त्यांना अपार आदर होता. म्हणजे ते काही विचारत नसत.

डागाकडे बघताना तिच्या लक्षात आलं की काचेच्या दारापलीकडे रस्ता आहे आणि रस्त्यावर माणसं आहेत. मग तिने ती चूक केली. दुसऱ्या कुणी केली नसती, कारण दुसऱ्या कुणाला गादी उलटवण्याची सवय नसते. चादर टाकता आली असती, उशी ठेवता आली असती. पण डाग म्हटला की हात आपोआप गादीच्या कडेला जातो. ‘निश्चिंत’ उलटवायची गादी नव्हे. तिला वर-खाल आहे. वरच्या बाजूला मऊ थर, मग स्प्रिंगा, आणि खाली नुसता कडक तळ. कापड मात्र दोन्हीकडे सारखंच, पांढरं, बारीक चौकटींचं. नजरेला फरक कळत नाही, पाठीला कळतो. दोन माणसांचं काम. दुकानातले दोन हमाल, ज्यांना ती मनातल्या मनात लांब्या आणि रुंद्या म्हणायची, गोदामात जेवत होते. तिने एकटीने कड उचलली, गुडघा लावला, गादी उभी केली. गादी क्षणभर तिच्या अंगावर रेलून राहिली, दारू प्यालेल्या नातेवाइकासारखी. ती ढकलत असताना आत पुन्हा काहीतरी सुटलं, गरम, मांडीवरून खाली. धप्प. ‘निश्चिंत’ पुन्हा शुभ्र झाली. आणि ती गुडघ्यांत मिटत, भिंत धरत, उशांच्या साठ्यामागच्या संडासात गेली.

तिथे आरसा नव्हता, हे त्या जागेचं एकमेव सुख. पत्र्याचं दार, हुकाला अडकवलेली पिशवी, खाली हलणारी एक फरशी. ती बसून राहिली आणि आई आठवली. आई याच वयात स्वयंपाकघरातल्या लाकडी स्टुलावर बसून राहायची. तासन् तास. कुणी हाक मारली तर खेकसायची, पण उठायची नाही. ‘आईचं सिंहासन’ म्हणत सगळे. वडील पाहुण्यांना सांगत, “आमच्याकडे दरबार भरलाय, अर्ज तिकडे द्या.” सगळे हसत. आई हसायची नाही आणि उठायची नाही. पुढे ते स्टूल एकदम मोडीत गेलं. कुणी काढलं, का काढलं, कुणाला ठाऊक नाही. पण त्याआधी एकदा तिने ते खेळताना आडवं पाडलं होतं, आणि बसायच्या फळीला आईने जाड काळं कापड खिळे मारून बसवलेलं तिला दिसलं होतं. गादीवाल्याच्या दुकानात लागायच्या कितीतरी आधी तिने पाहिलेली ती पहिली गादी. त्या वेळी वाटलं होतं, आई किती चैनीची. आई गेली तेव्हा तिच्या रागाच्या इतक्या गोष्टी निघाल्या की रडणं मागे पडलं. एक बाई वर्षानुवर्षं रक्तात बसून होती आणि घराला तिच्याबद्दल एवढीच माहिती की तिचा स्वभाव कडक.

मोठ्या बहिणीचं, ताईचं, म्हणणं सरळ होतं. फोनवर ती नेहमी किल्ला जिंकल्याच्या आवाजात बोले. “गर्भाची पिशवी काढून टाक. मी काढली, सुटले. आता बघ, पांढरे कपडे घालते.”

“ताई, तू आधीही पांढरे कपडे घालत नव्हतीस.”

“घालत नाही गं. घालू शकते.”

नवऱ्याचं म्हणणं असं काही नव्हतं, आणि तेच जड जायचं. तो बस डेपोत गाड्यांची वेळापत्रकं लावायचा. जे वेळेवर येत नाही त्याच्याबद्दल त्याला धंद्यानेच सहनशक्ती आलेली होती. त्याने बिछान्यावर चादरीखाली प्लास्टिकचा कागद अंथरला होता, न सांगता, आणि कूस बदलली की तो कागद कुरकुरायचा. सकाळी चहा ओतताना तो विचारायचा, “काय म्हणतंय हवामान?” पहिल्यांदा ती हसली होती. चांगला माणूस विनोद करतो तेव्हा हसावंच लागतं, आणि तो विनोद रोज केला तर रोज. दिवसभर लोकांना झोप विकून घरी प्लास्टिकवर जागं पडायचं, आणि शेजारच्या माणसाच्या चांगुलपणाचाही कंटाळा यायचा. आपण कृतघ्न आहोत की नुसत्या रिकाम्या होत चाललोय, हे तिला ठरवता येत नव्हतं.

संडासातून परत आली तेव्हा ‘निश्चिंत’वर एक बाई झोपल्या होत्या. उंच, रुंद खांद्यांच्या, केस कानापर्यंत कापलेले. चपला काढून जोडून ठेवलेल्या, हात दोन्हीकडे पसरलेले, तळवे वर, डोळे मिटलेले. ती लगबगीने जवळ गेली.

“काही मदत हवी?”

“गप्प!” बाई डोळे न उघडता म्हणाल्या, आणि मग दचकून उठून बसल्या. “अहो सॉरी हं. सवय. दिवसभर तलावावर पोरांवर ओरडत असते. पोहायला शिकवते मी.”

“चालेल की. पडा निवांत.”

“काय हो ही! पाण्यावर उताणं पडल्यासारखं वाटतंय. पाणी कसं पाठीला खालून धरतं, तसं. तुमच्या बाकीच्या सगळ्या नुसत्या गिळतात माणसाला.”

“ही नुसती दाखवायला ठेवलेली आहे. आतून नवी काढून देते.”

लांब्या आणि रुंद्याने नवी ‘निश्चिंत’ आणली. बाई तिच्यावर पडल्या आणि तोंड वाकडं करून उठल्या. “ही ती नव्हे.”

“मॉडेल तेच आहे.”

“नाव तेच असेल. पाठ माझी आहे ना?”

ती काय सांगणार? की बाई, तुम्ही तळावर झोपला होतात, आणि तळावर झोपलात कारण... इतक्यात मालक आले. मालकांना दुकानातली धूळ खात पडलेली गादी विकली जाताना बघणं म्हणजे पोरीचं लग्न ठरताना बघण्यासारखं होतं. “त्यांना हीच आवडलीय तर हीच द्या. वापरातली म्हणून थोडं कमी करून द्या. मनाला पटली की झोप लागते, काय?” बाई हसल्या. म्हणाल्या, झोप लागेल हो, जाग कशाने येते तेवढंच बघायचं. गेले कित्येक महिने पाण्यात उतरले नाही, काठावरून शिट्टी वाजवते, त्याने माणूस दमत नाही नुसतं शिणतं. “का उतरत नाही?” मालकांनी विचारलं. “वय,” बाई म्हणाल्या, आणि पोटापाशी हाताने काहीतरी केलं, माशी उडवावी तसं. मालकांना माशीच दिसली. तिला दिसलं. एका घरात राहिलेल्या माणसांना जिन्यावरची पावलं ओळखू येतात, तसं. त्याच क्षणी बोलायला हवं होतं. ती म्हणाली, “पत्ता सांगा.”

संध्याकाळी तिने हमालांकडून गादी भिंतीशी उभी करून घेतली आणि त्यांना चहाला पाठवलं. गार पाणी, फडकं, ब्रश. घासायचं नाही, टिपायचं, हे तिने गिऱ्हाइकांना हजारदा सांगितलेलं. डाग गेला नाही, नुसता म्हातारा झाला. फिकट तपकिरी, कडेला एक रेघ. तिने कपाटातून चेनची खोळ काढली, जाड, दोन्ही बाजूंनी झाकणारी, ‘दुकानातर्फे भेट’ म्हणून स्वतःच्या नावावर मांडली आणि गादीला चढवली. चेन ओढताना मेलेल्या माणसाला कपडे घालतोय असं वाटलं. कपडे चढल्यावर ते माणूस बरं दिसू लागतं, तेही तसंच. दुसऱ्या दिवशी ‘निश्चिंत’ टेंपोतून गेली, तळ वर करून. तिने खडूने खोळीवर बाण काढून दिला होता.

दवाखान्याची तारीख आधीच ठरलेली होती. सोनोग्राफी झाली होती, आतल्या अस्तराचा तुकडा तपासून आला होता, वाईट काही निघालं नव्हतं. नर्सने नाव पुकारून वर जोडलं, “तांबीवाल्या ना?” डॉक्टरीणबाईंनी टेबलावरून ती वस्तू दाखवली: काडीएवढी, इंग्रजी टी आकाराची, पांढरी, खाली दोन बारीक दोरे. पहिल्या बाळंतपणानंतर बसवलेली तांबी तिला आठवली. तिने तर अंगावरून जास्तच जायचं.

“ती तांब्याची. हिच्यात तांबं नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “ही आतल्या आत थोडं थोडं औषध सोडते. अस्तर पातळ होत जातं, रक्त कमी होतं. काहींचं थांबतंच.”

“तांबं नाही तर तांबी का म्हणतात?”

“तुमच्या गाद्यांमध्ये कापूस असतो?”

“नाही. स्प्रिंगा.”

“मग?” डॉक्टरीणबाई हसल्या. “तीन ते सहा महिने जातील. सुरुवातीला मधेच थोडं थोडं दिसत राहील, घाबरायचं नाही. लोहाच्या गोळ्या चालू ठेवायच्या. फार गेलं, ताप आला, पोटात फार दुखलं, तर लगेच या. आणि हो, पिशवी काढायची घाई नको. त्या वाटेने नंतरही जाता येतं, परत मात्र येता येत नाही. आता आडव्या व्हा, आणि जरा खोकून दाखवा.”

ती खोकली. आत कळ आली, नाभीपासून पाठीपर्यंत, कुणीतरी बंद खोलीचं दार खांद्याने ढकलल्यासारखी. छतावर एक पंखा, पंख्यावर धूळ. टेबलावरचा कागद पाठीखाली कुरकुरत होता आणि फोम अगदी हलका, बसका होता. याला दुकानातली पाटीसुद्धा लागू पडणार नाही, असं तिच्या मनात आलं. “झालं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “कसली काळजी करताय?”

“परत आली तर?”

“कोण?”

“काही नाही,” ती म्हणाली.

कारण आता तिच्या आत दोन गोष्टी बसल्या होत्या आणि दोन्हींची वाट बघायची होती. एक थांबेल म्हणून, दुसरी, ती गादी, परत येईल म्हणून. दुकानातला फोन वाजला की तिचा हात आधी पोटाकडे जायचा. थोडं थोडं दिसत राहिलं, आठवडे झाले तरी. रोज तपकिरी, पुसट, त्या डागाच्याच रंगाचं. त्याने जणू दूर कुणाच्या तरी घरून रोज एक ओळ लिहून पाठवावी. नवरा म्हणायचा, “हवामान?” ती म्हणायची, “तुरळक.” तो समाधानाने मान हलवायचा, त्याच्या डेपोत ‘तुरळक उशीर’ म्हणजे चांगला दिवस. ताई म्हणायची, “अजून जातंय ना? मी म्हटलंच होतं. पिशवी!” रस्त्याने चालताना प्रत्येक घराच्या वरच्या मजल्यावर तिला गाद्या दिसत. शहरभर एवढ्या गाद्या, एकावर एक, मजल्यांवर मजले, आणि प्रत्येकीच्या खालच्या बाजूला कुणाचं तरी काहीतरी, जे कुणी सांगितलेलं नाही. मालक म्हणाले होते डाग सापडतोच. ते धंद्यातलं शहाणपण म्हणून तिने घेतलं होतं. आता ते तिला जगाबद्दलचं वाटायला लागलं, आणि धंद्यातलं शहाणपण जगाला लागू पडलं की जगण्यात राम राहत नाही. कधीकधी पोहण्याच्या बाई तिला दिसत, त्या तळावर उताण्या, हात पसरून. त्यांना झोप लागत असेल या एका विचारावर ती दिवस काढायची.

आल्याच. टेंपोवर गादी बांधून, शेजारी स्वतः बसून, गळ्यात शिट्टी तशीच. आधी तिला पाहून हसल्या. “तुमची ‘निश्चिंत’ बुडाली हो! मधे अशी दबलीय की सकाळी पोरांना हाक मारून वर काढायला सांगावं लागेल. पाठीचा पार भुगा.” ती काही बोलायच्या आत मालक आत आले. हसले. पाणी मागवलं. लांब्या आणि रुंद्याला म्हणाले, “खोळ काढा रे. उलटवा.”

“मालक,” ती म्हणाली, “नवी देऊन टाकू ना. हीच दाखवायची होती, दबलेलीच असेल.”

“देऊ की. आधी बघू तर.”

चेन उघडल्याचा आवाज झाला. गादी उभी राहिली, क्षणभर दोघांच्या मधे डुलली, पडली. होता तिथेच होता. खोळीत राहून काही फिकट झालेला नव्हता. उलट उजेडात, पांढऱ्यावर, ओळखीचं तोंड गर्दीत दिसावं तसा. मालकांनी डागाकडे पाहिलं, मग पाटीकडे पाहिलं, आणि मग, सभ्य माणूस असल्यामुळे, रस्त्याकडे. पोहण्याच्या बाईंचा चेहरा तिच्या डोळ्यांदेखत बदलत गेला. कानांपासून लाल झाला. रुंद खांदे आत वळले.

“अगं बाई,” त्या म्हणाल्या, अगदी हळू. “माझंच असणार.”

“नाही,” ती म्हणाली.

“हो ना. मधे पाठ दुखायला लागली म्हणून मी उलटवली होती आठवडाभर. खोळ होती म्हणून दिसलं नसेल. हल्ली कळतच नाही हो मला, कधी, किती... खोळ तर मी दोनदा धुतली. झिरपलं असेल.” शिट्टी मुठीत धरली होती. “शी. लोकांसमोर घेऊन आले.”

दुकान एकदम लांबलचक झालं. कडेला गाद्यांची रांग, प्रत्येकीवर दोन उशा, कुणी नसलेल्या नवराबायकोंसारख्या. आता चार शब्द म्हणायची वेळ होती. जीभ सवयीने तिकडे वळलीही. ‘असू दे, होतं असं.’ म्हटले की संपलं. गादी जाईल, बाई जातील, डाग जाईल, आणि तो डाग त्या बाईंच्या घरी त्यांचा म्हणून राहील, त्या रोज रात्री स्वतःचं समजून दुसऱ्या कुणाच्या रक्तावर झोपतील. आईसारखं. फळीवर काळं कापड, आणि कुणी विचारायचं नाही.

“तो डाग माझा आहे,” ती म्हणाली.

रुंद्याने लांब्याकडे पाहिलं.

“माझा आहे. तुम्ही आलात त्या दुपारी. मी हिच्यावर आडवी झाले होते. मला फार जात होतं. मग मी गादी उलटवली. म्हणून ती तुम्हाला कडक लागली, म्हणून दबली. ही उलटवायची गादी नाही. चूक माझी आहे. नवी मिळायला हवी तुम्हाला.”

पोहण्याच्या बाई तिच्याकडे बघत राहिल्या. क्षणभर, एकच क्षण, त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सुटं झाल्यासारखं झालं, आणि तिला वाटलं, पोचलं. मग बाईंचे डोळे भरले. त्यांनी पुढे होऊन तिचा हात दोन्ही हातांत घेतला. मोठे, गार, पाण्यातले हात.

“किती चांगल्या आहात हो तुम्ही,” त्या म्हणाल्या. “माझी लाज राखायला स्वतःवर घेताय?”

“अहो नाही, खरंच...”

“पुरे. मालकांसमोर कशाला. तुमची नोकरी आहे.” आणि मालकांकडे वळून, मान वर करून, “हिला काही बोलू नका. डाग माझाच आहे. गादी मी परत नेते.”

ती पुन्हा म्हणाली. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा ते तिला स्वतःलाच खोटं वाटलं. पाठ केलेलं, विकाऊ, ‘निवांत झोपेची हमी’सारखं. टेंपोपाशी, हमाल दोर आवळत असताना, तिने निदान दुसरं तरी द्यावं म्हणून बाईंना गाठलं. म्हणाली, एक डॉक्टरीणबाई आहेत, हार्मोनची तांबी असते, आतून औषध सोडते, मी बसवलीय, सहा महिन्यांत फरक पडतो म्हणतात, तुम्हाला पुन्हा पाण्यात उतरता येईल. बाई डोळे पुसत हसल्या. “काय तुमची हातोटी! तिथेही कमिशन असेल नाही तुमचं?” चेष्टेने म्हणाल्या, प्रेमाने, खांद्यावर थोपटून. “बघू. आता उतरती लागलीच आहे, अजून काय राहिलंय.” टेंपो निघाला. गादीचा तळ रस्त्याकडे होता की आकाशाकडे, ते तिला दिसलं नाही.

आत मालक खूश होते. तिला वाटलं, आता कामावरून काढतील. काढलं असतं तर निदान एका माणसाने विश्वास ठेवला असं झालं असतं. मालक म्हणाले, “शाब्बास. काय सुचलं तुम्हाला! बाई भांडलीसुद्धा नाही, उलट आभार मानून गेली.” त्यांनी विचारपूर्वक पेला खाली ठेवला. “‘असू दे, होतं असं’ पेक्षा हे भारी आहे. तुम्ही असं करा, यापुढे बायकांच्या बाबतीत हेच म्हणत चला. ‘डाग माझा आहे.’ आपलेपणा वाटतो.”

“मालक, तो माझाच होता.”

“हां, असंच,” मालक म्हणाले. “अगदी असंच म्हणायचं. तोंडही असंच करायचं.”

ती उशांच्या साठ्यामागे गेली. पत्र्याचं दार लावलं, हूक, पिशवी, हलणारी फरशी. बसली. बाहेर नवं गिऱ्हाईक आलं होतं, एक जोडपं. मालक त्यांना सांगत होते, पडून बघा, लाजायचं काय त्यात, सगळे पडतात. तिने खाली पाहिलं. काही नव्हतं. तपकिरी नाही, पुसट नाही, पांढरंशुभ्र, सकाळी लावलं होतं तसं. वर्षभर ज्याची वाट बघितली होती ते आलं होतं, आणि त्याच्याबरोबर कुणीही आलं नव्हतं. ती वाट बघत राहिली, काहीतरी वाटेल म्हणून. मग सवयीने तिने पॅड काढलं, आणि उलटवून त्याची खालची बाजू पाहिली.